वर्म सापडले, तर कानात सांगा

एका मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाच्या मराठी पानासाठी विचारणा आली आहे : ‘व्हल्नरेबिलिटी (कोडमधली, हल्लेखोराला आत शिरू देणारी फट) आढळल्यास रिपोर्ट करा’ याला ‘असुरक्षितता आढळल्यास तक्रार करा’ चालेल का?

मुळीच नाही. असुरक्षितता ही अवस्था. ती वाटते, कोडच्या अमुक ओळीत सापडत नाही. आणि तक्रार गाऱ्हाणे असलेल्याने करायची. रात्री जागून दुसऱ्याच्या कोडमधली फट शोधून ती फुकट सांगायला आलेला माणूस तक्रारदार कसा? हे जिथे तिथे वाचून संताप येतो. काही अभ्यासक ‘भेद्यता’ पुढे करतात. ‘तीन भेद्यता सापडल्या’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे त्यांनी! इथे नगानगाला सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर झालेल्या फटींच्या जागतिक यादीतला क्रमांक, देतात. मोजता येईल असे नाम हवे.

ते मराठीत आहेच : वर्म. एक वर्म, तीन वर्मे. वर्मी घाव, वर्मावर बोट.

संस्कृतात ‘वर्मन्’ म्हणजे कवच. ‘कवच’वरून ‘कवचाखालचे नाजूक अंग’ असा अर्थ सरकला, ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली आहे. आपले वर्म म्हणजे मर्मच. दोन ‘म’ जवळ आले की कधी कधी पहिल्याचा ‘व’ होतो. मन्मथाचा प्राकृतात ‘वम्मह’ झाला. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. तमिळमध्येही मर्माचे ‘वर्मम्’च. मर्माच्या मुळाशी ‘मृ’ धातू : जिथे लागले की प्राण जातो ते. सुश्रुताने अशी १०७ मर्मे मोजली आणि परिणामानुसार पाच वर्ग केले, सद्यःप्राणहरापासून (तत्काळ जीव घेणाऱ्या) नुसत्या रुजाकरापर्यंत (वेदना देणाऱ्या). कोडमधल्या फटींची आजची तीव्रतेनुसार प्रतवारी दुसरे काय करते? त्यातला ‘विशल्यघ्न’ तर पाहाच : बाण रुतलेला असेपर्यंत माणूस जगतो, उपसला की मरतो. जुन्या लायब्ररीतली (इतर प्रोग्राम ज्यावर विसंबतात त्या तयार कोडमधली) एक ओळ काढताच अख्खी यंत्रणा कोसळताना ज्याने पाहिली, त्याला हा वर्ग समजावून सांगायला नको.

पण मला खरा आनंद होतो तो वर्माच्या दुसऱ्या अर्थाने : गुह्य. दुखरी जागा आणि गुपित, दोन्ही एकाच शब्दात. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधले, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पातले, ‘हार्टब्लीड’ हे वर्म सापडले. सर्व्हरला चार अक्षरे पाठवायची, लांबी मात्र ६४ केबी सांगायची. तो बापडा उरलेली जागा स्वतःच्या स्मृतीतून भरून परत पाठवी, कधी पासवर्डांसकट. गूगलचे नील मेहता आणि कोडेनॉमिकॉन या सुरक्षा-चाचणी कंपनीचे संशोधक, दोघांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. मेहतांनी ते आधी प्रकल्पाला खासगीत कळवले. ७ एप्रिलला दुरुस्ती आणि बातमी एकदमच बाहेर आली. दुरुस्तीआधी ते चव्हाट्यावर गेले असते, तर प्रत्येक चोराच्या हाती किल्ली पडली असती.

तेव्हा लिहा : ‘वर्म आढळल्यास खासगीत कळवा.’ ‘कळवा’ पुरे. ‘रिपोर्ट’ नको आणि ‘तक्रार’ तर नकोच.