वाचकांचे प्रश्न: सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये गाव कुठंय?

प्रश्न: मी एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीच्या ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघणाऱ्या टीममध्ये आहे. बीआरएसआरमध्ये (कंपनीच्या जबाबदारीच्या आणि सस्टेनेबिलिटीच्या वार्षिक रिपोर्टमध्ये) स्थानिक लोकांच्या तक्रारींपुढे आम्ही दरवर्षी शून्य लिहितो. बॉस खूश असतात, मला मात्र खटकतं.

खटकायलाच पाहिजे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर कंपल्सरी केला, त्यात पहिल्याच सेक्शनमध्ये तो तक्ता आहे, कम्युनिटी, गुंतवणूकदार, कर्मचारी, ग्राहक अशा ओळी आणि पुढे किती तक्रारी आल्या, किती पेंडिंग. आता गावकऱ्यांनी तक्रार करायची कुठे, तर बऱ्याचदा वेबसाइटवरच्या एका ईमेलवर! चंद्रपूर-वणी पट्ट्यात कापसावर कोळशाची धूळ बसते, व्यापारी काळा पडलेला कापूस बघून भाव पाडतो, तो शेतकरी काय ईमेल करत बसणारे का? तो गेटवरच्या सिक्युरिटीला बोलतो, सरपंचाच्या कानावर घालतो, फारच झालं तर ट्रक अडवतो, आणि यातलं काहीच तुमच्या तक्त्यात येत नाही. गेटवर आणि ग्रामपंचायतीत एकेक रजिस्टर ठेवा, तोंडी सांगितलेलंही लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट चालेल म्हणून सांगा, आणि सांगणाऱ्याला तक्रारीचा नंबर द्या. पहिल्या वर्षी शून्याचे चाळीस होतील, होऊ द्या. चाळीस आल्या नि पंधरा अजून पेंडिंग आहेत असं लिहिणाऱ्या कंपनीवर मी तरी लवकर विश्वास ठेवीन.

प्रश्न: सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) शाळा रंगवली, आरोग्य शिबिर घेतलं, फोटो आहेत. लोकसहभाग म्हणून एवढं पुरे ना?

नाही हो. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे नफ्यातले जे 2 टक्के सीएसआरवर खर्चायचे, ते वेगळे. तुमच्या प्लांटमुळे गावाच्या पाण्याचं, रस्त्याचं, जमिनीचं काय झालं हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि शाळेला रंग हवा होता की मास्तर, हे कुणी विचारलं होतं का?

प्रश्न: आम्ही गावात मीटिंग लावतो, पण तेच पाच-सहा पुढारी येतात. बायका तर येतच नाहीत.

मीटिंग कधी लावता ते आधी बघा. मार्च संपला की रिपोर्टची घाई, म्हणून टीम एप्रिल-मेमध्ये गावात जाते. गडचिरोली-चंद्रपूरकडे नेमका तेव्हाच मोहफुलं आणि मग तेंदूपत्त्याचा हंगाम, बायका उजाडायच्या आत जंगलात गेलेल्या असतात, तुमच्या अकरा वाजताच्या मीटिंगला येणार कोण? हंगाम टाळा, शक्यतो संध्याकाळी जा, बचत गटाची बैठक आधीच ठरलेली असते तिथेच वेळ मागून घ्या, आणि साहेब लोकांनी खुर्च्यांवर नि गाव खाली सतरंजीवर असलं काही करू नका. दुसरं, मागच्या वेळी लोकांनी काय सांगितलं नि त्याचं काय झालं हे मराठीत, जमलं तर गोंडीतही, आधी वाचून दाखवा. बहुतेक कंपन्या इथेच कच्च्या, माहिती घेऊन जातात ते थेट पुढच्या वर्षी उगवतात.

प्रश्न: मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शेजारच्या सिमेंट कंपनीच्या रिपोर्टमध्ये ‘स्थानिकांशी नियमित संवाद’ असं लिहिलंय म्हणतात, आमच्याकडे तर कोणी आलंच नाही. काय करावं?

कंपनी लिस्टेड असेल तर आधी रिपोर्ट हातात घ्या, बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. सुरुवातीलाच शंका कुणाला विचारायची त्या माणसाचं नाव, फोन, ईमेल द्यावाच लागतो. त्याच्या नावाने ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र टाका, संवाद कोणत्या तारखेला, कुठे, कुणाशी झाला एवढंच विचारा, रागाचं काही लिहू नका. सोबत पर्यावरण मंजुरीचं पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरून काढा, त्यातल्या अटी पाळल्या का याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो पब्लिक डॉक्युमेंट असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, धूळ, ब्लास्टिंग, पाणी, जिथे जिथे लिहिलेलं नि दिसणारं जुळत नाही तिथे फोटो, तारीख लिहून ठेवा नि विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्या. गावात कुणाकडे त्या कंपनीचा एखादा शेअर निघाला तर फारच छान, तो एजीएममध्ये (भागधारकांच्या वार्षिक सभेत) देखील हाच प्रश्न विचारू शकतो.