हप्ता जवळपास सारखाच, मग नवीनच गाडी का घेऊ नये?

साताऱ्याच्या एका वाचकांनी हा प्रश्न विचारला आहे. ते शिरवळच्या कारखान्यात नोकरीला आहेत. हातात येणारा पगार ४८,००० रुपये, घरखर्च ३३,००० रुपये, मुलगी नववीत, आणि मुदत ठेव व आवर्ती ठेव मिळून शिल्लक ३ लाख ८० हजार रुपये. आईंना उपचारांसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला न्यावे लागते आणि एसटीचा प्रवास त्यांना आता सोसत नाही. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, नवीन छोटी गाडी: ५ लाखांचे कर्ज, ९ टक्के दर, मुदत ७ वर्षे, हप्ता ८,०४५ रुपये. दुसरा, पुण्यातील एका डीलरकडची २०१६ ची डिझेल हॅचबॅक: ३ लाखांचे कर्ज, मुदत ४ वर्षे, हप्ता ८,२५० रुपये. तिसरा, साताऱ्यातल्याच एका निवृत्त शिक्षकांची ऑगस्ट २०१९ चे पासिंग असलेली पेट्रोल वॅगन आर, ५८,००० किलोमीटर चाललेली. ते ३ लाख १० हजार रोख मागत आहेत.

माझे मत आधीच सांगते: गाडी तिसरीच घ्यावी, पण ती सगळी ठेव मोडून घेऊ नये.

हप्त्यांची तुलना करताना मुदत नजरेआड होते, आणि तुमच्या पत्रात नेमके तेच झाले आहे. नवीन गाडीच्या कर्जावर सात वर्षांत सुमारे १ लाख ७५ हजार रुपये व्याज जाईल, आणि तुमच्या मुलीचे पदवीचे शिक्षण संपत येईपर्यंत तो हप्ता चालू राहील. डीलरचा हप्ता तर मला अधिक खटकतो. त्यांनी ‘फक्त ८ टक्के’ असे सांगितले असले, तरी तो दर सरळ आहे, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ३ लाखांवरच आकारले जाते. घटत्या शिल्लकेच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या हिशेबाने तोच दर १४ टक्क्यांच्या वर जातो आणि व्याज ९६,००० रुपये होते. कर्ज कोणाकडूनही घ्या, दर सरळ आहे की घटत्या शिल्लकेवर, हे लेखी विचारल्याशिवाय सही करू नका.

डिझेलचा मोह मला समजतो. साताऱ्याहून पुण्याच्या दोन फेऱ्या आणि गावातले फिरणे धरून तुमचे रनिंग महिन्याला ६०० किलोमीटरच्या आसपास राहील. पेट्रोलची गाडी लिटरला १७ आणि डिझेलची २० किलोमीटर धावते असे धरले, तर सध्याच्या भावांनी महिन्याकाठी साधारण साडेनऊशे रुपये वाचतात. पण नऊ-दहा वर्षे जुन्या डिझेल इंजिनाचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा कामाला आले, की काही वर्षांची ही बचत एका बिलात संपते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. तुमचा तसा नाही.

वॅगन आर मला पटते ती तुमच्या गरजेमुळे. तिची बैठक उंच आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून आत शिरावे लागत नाही. एक लिटरचे इंजिन चार माणसे आणि एसी घेऊन खंबाटकी चढते. ८०० सीसीच्या गाडीत तोच घाट जिवावर येतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणून मी त्यानंतरच्याच पासिंगची गाडी सुचवत आले आहे. शिवाय जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) २,०९४ रुपये आहे, त्यापुढच्या गटाचा ३,४१६ रुपये. ही गाडी खालच्या गटात बसते.

आता पैशांची बाजू. तुमच्या घरात आजारपण आहे, त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे सुमारे २ लाख रुपये, ठेवीतच राहू द्या. उरलेले १ लाख ८० हजार गाडीला लावा. कारखान्याच्या कर्मचारी पतसंस्थेत ११ टक्क्यांनी, घटत्या शिल्लकेवर कर्ज मिळते असे तुम्ही लिहिले आहे; तेथून दीड लाख रुपये तीन वर्षांसाठी घ्या. हप्ता ४,९११ रुपये येईल आणि एकूण व्याज २७,००० रुपयांच्या आत राहील. मुलगी बारावीत असतानाच हे कर्ज फिटेल. या ३ लाख ३० हजारांतून गाडीला २ लाख ९० हजारांहून अधिक देऊ नका, कारण नाव बदलणे, विमा, पहिली सर्व्हिसिंग, बॅटरी आणि टायर यांना ४०,००० रुपये सहज लागतात. सहा वर्षांच्या गाडीचे टायर मूळचेच असतील तर ते बदलावेच लागतील. टायरच्या कडेला छापलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. भाव पाडून मागण्यास तुम्हाला सबळ कारणही आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यामुळे जुन्यांचे भावही उतरायला हवेत.

विसार देण्यापूर्वी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले, तर गाडी आधी कोणीतरी सुरू करून ठेवली आहे आणि पहिल्या स्टार्टचा आवाज व धूर तुमच्यापासून लपला आहे. मग सीटबेल्टचे चारही पट्टे पूर्ण ओढून पाहा. २०२० मध्ये मी माझ्या बहिणीबरोबर एक चकचकीत गाडी पाहायला गेले होते. आतून नवा कव्हर सेट, सुगंधी बाटली, सगळे नेटके; मात्र मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर त्याचा अखेरचा वीतभर भाग मातकट निघाला आणि स्टेपनीच्या खाचेत वाळलेला गाळ सापडला. आदल्या वर्षीच्या पुरात ती गाडी उभी होती. कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये किती वाहने पाण्याखाली गेली हे आपण पाहिले आहे, म्हणून ही दोन मिनिटे कोणीही वाचवू नयेत. शिक्षकांनी मीटर फिरवले असेल असे मी म्हणत नाही, तरीही अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या क्रमांकावरून सर्व्हिसची नोंद काढून घ्या, आणि आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन बरोबर न्या.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे आधी पाहा. कर्ज फिटले असले तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवावा लागतो. थकलेली ई-चलाने विक्रेत्यानेच भरावीत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम झाले असे मानू नका. १५-२० हजार रुपये मागे ठेवा आणि आरसीवर तुमचे नाव चढल्यावरच द्या, तसे साध्या करारात लिहून घ्या. विमा कंपनीकडे १४ दिवसांच्या आत हस्तांतराचा अर्ज करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. शिक्षकांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल प्रीमियमात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्यांचाच राहतो, म्हणून प्रीमियम थोडा वाढेल. आनेवाडी आणि खेड-शिवापूरच्या नाक्यांवर गोंधळ नको असेल तर त्यांचा फास्टॅग बंद करून स्वतःचा लावा.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आईंचे उपचार पाच-सहा महिन्यांत संपणारे असतील, तर फेरीला ३,५०० रुपये देऊन भाड्याची गाडी करणे परवडेल. सहा महिन्यांचे ४२,००० रुपये होतात आणि ठेवीला फारसा धक्का लागत नाही. उपचार लांबणार असतील, तर या आठवड्यात शिक्षकांकडे सकाळी सातला जा.