लिव्हर फिरवल्यावर आग मंदावते ते बरोबरच आहे, जाळी एवढ्यात बदलू नका

नौपाड्याच्या काकांनी विचारलंय की मुलाने अमेरिकेत व्हरमाँटला घर घेतलं, त्यात आधीच्या मालकाचा लाकडाचा कॅटॅलिटिक (म्हणजे आतल्या जाळीत धूरही जाळणारा) स्टोव्ह आहे, लिव्हर बंद केला की ज्वाळा बसतात आणि दार उघडलं की घरभर धूर, तर आतली जाळी गेली का. काका, जाळी महाग असते, आधी हे वाचा. कंपनीने मला तिकडच्याच मेन राज्यात पाठवलेलं तेव्हा भाड्याच्या घरात हाच प्रकार होता, आणि इथे रबाळ्याच्या प्लांटमध्ये सॉल्व्हंटच्या वाफा जाळायला आम्ही जे लावलंय त्याचं तत्त्व पण हेच.

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो, तो जळतो ती ज्वाळा आणि जळायचा राहतो तो धूर. गावी बंबात ओलं सरपण घातलं की डोळे चुरचुरायचे ना, ते सगळं फुकट गेलेलं इंधन. हा धूर नुसत्या उष्णतेवर पेटवायचा तर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतात, मंद आगीत ते कुठून येणार, म्हणून वर बारीक भोकांची सिरॅमिकची किंवा स्टीलची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम नाहीतर पॅलेडियमचा पातळ थर, आणि त्यातून जाताना तोच धूर २६० ला जळायला लागतो. म्हणजे ज्वाळा बसल्या तरी उष्णता जाळीत तयार होतेय, खाली लाकूड रात्रभर धुमसत राहतं. जाळी लाल दिसलीच पाहिजे असंही नाही.

आता लिव्हर. तो बायपासचा आहे, उघडा असला की धूर थेट चिमणीत, बंद केला की जाळीतून. पेटवताना उघडाच ठेवायचा, स्टोव्हच्या थर्मामीटरचा काटा २६० वर (तिकडचा ५०० फॅरनहाइट) गेला की मगच बंद. थंड जाळीवर बंद केला तर ती पेटतच नाही, उलट काजळी धरते. आणि दार उघडायच्या आधी बायपास उघडायचा, थोडं थांबायचं, मग हळूच दार. जाळीच्या बारीक भोकांतून धूर निघायला वेळ लागतो, तेवढ्यात दार उघडलं तर तो खोलीतच येणार, मला वाटतं तुमच्या मुलाचं नेमकं हेच होतंय.

तरीही धूर आला तर भोकं राखेने बुजली असतील, स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशने झाडायची, टोकदार काही घालू नका. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, मीटर स्वस्तात मिळतो, पण ओंडका फोडून आतल्या बाजूला लावून बघायचं, वरून कोरडंच दाखवतं. ओक असेल तर दोन उन्हाळे तरी वाळवायला हवं. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, कचरा बिलकुल नको, त्यातल्या धातूंनी थर मरतो आणि मग मात्र नवीन जाळीच.

बघायची सोपी युक्ती, बायपास बंद केल्यावर थोड्या वेळाने बाहेर जाऊन चिमणी बघायला सांगा. धूर जवळजवळ दिसेनासा झाला तर जाळी ठणठणीत आहे. नाही झाला तर त्या वेळी काटा कितीवर होता ते इथे टाका, पुढचं सांगतो. घरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू) अलार्म आहे ना तेवढं आजच विचारून घ्या.