तुमचं चर्च कोणतं?

प्रश्न : लेक अमेरिकेत, ओहायोत असते. शेजारणी पहिल्याच भेटीत विचारतात, “तुमचं चर्च कोणतं?” शाळेतल्या प्रतिज्ञेत देवाचं नाव आलं की नात गप्प राहते, म्हणून मैत्रिणी तिला डबा खायला जवळ घेत नाहीत. नातीने ते शब्द बोलून टाकावेत का?
– एक आजी, वेंगुर्ले

उत्तर : आजी, ते शब्द प्रतिज्ञेत मुळात नव्हतेच, १९५४ साली घातले. सरकारी शाळेत प्रतिज्ञेची सक्ती चालणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ सालीच सांगितलंय. पण डब्याला कुणी कुणाला जवळ घ्यावं, हे कोर्ट कसं ठरवणार? खरं दुखणं तेच. (आपल्या वाडीतल्या ख्रिस्ती पोरीला आरतीला उभं करताना आपण कुठे विचारतो!) नातीला काय हवंय, ते आधी तिलाच विचारा. लेकीने मात्र शेजारणीला “आम्ही हिंदू” असं सरळ सांगावं, आणि जाताना खापरोळ्या न्याव्यात.