पियानोच्या पट्ट्या अडकतात, शिलाई मशीनचं तेल सोडू का?

तुम्ही लिहिलंय की घरातल्या जुन्या उभ्या पियानोच्या मधल्या पाच-सहा पट्ट्या पाऊस लागल्यापासून दाबल्या की वर येत नाहीत, आणि शेजारचे काका शिलाई मशीनचं तेल सोडा म्हणतात. कृपा करून सोडू नका. गंजलेले स्क्रू सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे तर अजिबात नको.

मी लातूरला पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो, अधूनमधून पियानोही येतो. असं तेल पाजलेला एक पियानो मी उघडलाय. पट्टीखालच्या भोकातलं फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) दिव्याच्या वातीसारखं तेल प्यालेलं, वर धूळ बसून काळी चिकट खळ झालेली. तेच तेल तारांच्या खुंट्यांपाशी गेलं की संपलंच. खुंट्या लाकडात फक्त घट्ट बसण्यावर टिकतात. तेल मुरलं की त्या सरकतात आणि सूर राहत नाही. लाकडात मुरलेलं तेल पुन्हा निघत नाही.

आधी अडकतंय कुठे ते बघा. फटीत नाणं, पेन्सिलीचा तुकडा पडलाय का? नसेल तर पट्टी बोटाने डावी-उजवीकडे हलवा. किंचितही हलत नसेल तर फेल्ट फुगलंय. मग वरचं झाकण उघडून तिची हातोडी (तारेवर आपटते ती) बोटाने तारेकडे ढकला आणि सोडा. ती रेंगाळत मागे आली तर दोष तिच्या सांध्यातल्या पिनेचा.

आपल्याकडे मे महिन्यात लाकूड खडखडीत वाळतं आणि मृग लागला की फुगतं. नुसतं तेवढंच असेल तर दिवाळीपर्यंत पट्ट्या बऱ्याचदा आपोआप सुटतात. आत्ता फेल्ट दाबून सैल केलंत, तर उन्हाळ्यात तीच पट्टी खडखडेल.

थांबायचं नसेल तर पट्टी उचलून काढा. सहज निघाली नाही तर जोर लावू नका. खालच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा आणि टेफ्लॉनची कोरडी पूड कापसाच्या काडीने फेल्टला चोळा. ग्राफाइटही चालतं, पण सगळं काळं करतं. सिलिकॉनचा स्प्रे आत मारू नका, त्याचा तुषार नको तिथे बसतो. हातोडीच्या सांध्याला पियानोसाठीच मिळणारं प्रोटेक सीएलपी हे वंगण, तेही सुईच्या टोकाने एकच थेंब. तरी रेंगाळली तर पिन बदलावी लागते, ते काम जाणकाराकडून करून घ्या.

पेडल करकरत असेल तर जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथे मेणबत्ती घासा. धातूच्या सांध्याला मुगाएवढं ग्रीस पुरतं.