डॉजची टकटक: कार्ब्युरेटर सोडा, आधी मॅनिफोल्ड बघा

थंड इंजिनाला एका बाजूने टकटक, गरम झाल्यावर ती कमी, उतारावर पाय काढला की मागून फटाके, आणि मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या मागे लागलेला. तुमच्या डॉज वेपन कॅरिअरची (दुसऱ्या महायुद्धातला लष्करी ट्रक) ही लक्षणं वाचली आणि आमच्याच डॉजची कुंडली समोर आली. म्हणून लांबण लावतोय. प्लग, पॉइंट, टायमिंग तुम्ही बघितलंच असणार, ते धरून चालतो.

माझ्या मते मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारा आणि जळका धूर बाहेर नेणारा नळजोड, लीक आहे. (मी मेकॅनिक नव्हे आणि गाडी समोर नाही, तेव्हा अंदाजच समजा.) थंड असताना फट उघडी असते, बीड (ओतीव लोखंड) तापून फुगलं की मिटते. टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची) टकटक सहसा अशी पळत नाही. फटाक्यांचंही मूळ तेच: पाय काढल्यावर फटीतून ताजी हवा पाइपात ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. गॅस्केटच्या कडेला काजळी दिसेल. नाहीच दिसली तर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं पोर्टांजवळून (मॅनिफोल्ड ब्लॉकला जिथे मिळतो त्या भोकांजवळून) फिरवा. फॅनपासून हात सांभाळून.

आमच्या मॅनिफोल्डला तडा होता. इथल्याच एका नावाजलेल्या गॅरेजने तो साध्या लोखंडी रॉडने, न तापवता वेल्ड केला आणि वर चंदेरी रंग फासला. बीड असं जोडलं की वेल्डच्या कडेलाच पुन्हा तडकतं, आणि तडकलंच. शिवाय पोर्टांची तोंडं वाकली. सरळ पट्टी लावून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. गॅस्केटवर गॅस्केट चढवून नट आवळले आणि टोकाचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा खिळा) ब्लॉकमध्येच मोडला. तक्रार केली तर उत्तर काय, ‘पात्रांव, पोरनी गाडी ती, असोच आवाज येतलो.’ (साहेब, जुनी गाडी ती, असाच आवाज येणार.) कार्ब्युरेटर साफ केल्याचं बिल वेगळं! मोडका स्टड काढायला जो खर्च आला त्यात नवं रेडिएटर आलं असतं. असो.

शेवटी काम केलं ते बार्जची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपने. बिडाची सवय त्यांनाच. आधी तापवून घेतलं, निकेल रॉड वापरला, मग चुन्यात पुरून सावकाश गार केलं. या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जोडलेले. दोन्ही एकत्र धरूनच तोंडं ग्राइंड करून घ्या. बसवताना मात्र त्यांच्यामधले बोल्ट सैल ठेवा, आधी ब्लॉकला बसवा, मग ते आवळा. उलट केलंत की पुन्हा तडा. नटांवर जोर दाखवू नका, बिडाला सरकायला जागा लागते.

नीट झाल्यावर आवाज कसा? सहा सिलिंडर, 230 घनइंच, दर 120 अंशांना एक स्फोट, कॉम्प्रेशनचं गुणोत्तर 7 च्या आत. म्हणजे सलग, खालच्या पट्टीतली घरघर. धडधड नाही. सायलेन्सर काढून सरळ पाइप लावून ‘मिलिटरी आवाज’ काढणाऱ्यांचं मला कौतुक नाही. गोव्यातल्या बोरीच्या चढावर गाडी नुसती बोंबलते. लष्कराच्या शक्तिमान ट्रकशीही तुलना नको, तो जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला डिझेल, त्याची जातच वेगळी. गिअरबॉक्सची कुंईकुंई मात्र मूळचीच, ती काढायच्या फंदात पडू नका.

जाता जाता: दर रविवारी आवाज ऐकायला पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करत असाल तर थांबवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तितकंच पाणी तयार होतं. पाइप नीट तापला नाही तर ते सायलेन्सरमध्येच साचतं. आपल्या पावसाळ्यात बाहेरून गंज, त्यात हा आतून. चालू करायचीच तर अर्धा तास रस्त्यावर काढा.

पहिल्या थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग टाका. बॉनेट उघडं, फोन मॅनिफोल्डच्या बाजूला, रेस न देता. मागच्या पाइपाजवळचं नको, त्यातून काही कळत नाही.