गाढवाचं काम मिळालं म्हणून

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला त्या दिवसाच्या, नाटुकल्यात तिच्या आठ वर्षांच्या मुलाला गाढवाचं काम मिळालं आणि तो रात्रभर रडला. ती लिहिते, "सेवेचं महत्त्व सांगायला गेले, तर म्हणतो, सेवक म्हणजे सर्व्हंट ना? मग मीच का? शेवटी शिक्षिकेला विनंती करून शिष्याचं काम मिळवून दिलं."

अगं, तुझा जीव तुटला असणार, कळतं मला. पण चुकलीस तू तिथंच. गाढवाचं काम हलकं, हे त्याला आता आईनंच शिकवलं. आपल्या बोलण्यात गाढव म्हणजे शिवी. तीही त्यानं घरातच ऐकली असेल.

त्याला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय वाचून दाखव. ज्यावर कधी कोणी बसलं नव्हतं असं ते शिंगरू. अशा जनावरावर पहिल्यांदा बसलं की ते उधळतं, लाथा झाडतं. इथं तर वाटेवर कपडे अंथरलेले, डहाळ्या पसरलेल्या, होसान्नाचा गजर, तरी ते प्रभूला घेऊन यरुशलेमेपर्यंत गेलं. आणि शिंगरू लगेच परत पाठवू, असा निरोपही त्याच अध्यायात आहे. म्हणजे पुन्हा दावणीला, पुन्हा पाठीवर ओझं. त्याच्या सोमवारबद्दल शुभवर्तमानात एक शब्द नाही. मला मुलांना सांगायचा असतो तो हा सोमवार.

नगरला आमच्या कंपाउंडची भिंत बांधली तेव्हा वाळू गाढवांवरूनच आली. गोणी उतरली की ती मान खाली घालून उभी राहायची, पुढच्या खेपेसाठी. दादा म्हणायचे, "बघ, हिशेब मागत नाही." दादा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. टोरांटोला आमच्याकडे आले तेव्हा शहात्तर वर्षांचे. मंडळीचं प्रीतिभोजन झालं, सगळे कोट चढवून निघाले, आणि दादा गुडघ्यावर बसून सांडलेली आमटी पुसत होते. माझ्या मुलाला मी तीन वर्षं सेवेवर तोंडी धडे दिले होते, त्यातलं काही टिकलं नाही. त्या दिवशी मात्र तो न सांगता खुर्च्या उचलू लागला. आज तिशीत आहे, अजून उचलतो.

सर्व्हंट शब्दाचं म्हणशील, तर त्याला योहानाचा 13 वा अध्यायही वाच. रविवारी ज्याचा जयजयकार झाला, तोच गुरुवारी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र या शिष्यालाही ते पटलं नव्हतं. तुझ्या लेकाला एका संध्याकाळीत कसं पटेल? तुम्ही दोघं उपासनेनंतर लगेच गाडीकडे धावता का, तेवढं मात्र आठवून बघ.

आता पत्रातलं बाकीचं. मुलगा मराठी गीतं विसरतो म्हणतेस, तर गाडीत लाव. सासूबाईंना इंग्रजी उपदेश कळत नाही, तर शेजारी बसून वचन मराठीत वाचून दाखव.

नाटकाला दोन आठवडे आहेत. शिक्षिकेला आजच फोन कर आणि मुलाची समजूत घालून गाढवाचं काम परत माग. कान करड्या कापडाचे शिव, पुठ्ठ्याचे वाकतात. बहुतेक गाढवांच्या पाठीवरून एक काळी रेघ शेपटीकडे जाते आणि दुसरी खांद्यांवरून आडवी, दोन्ही मिळून क्रूस दिसतो. ती खूण जन्मजात असते. काळी फीत आण आणि त्याला शेजारी बसवून ती त्याच्याच हातानं लावून घे.